मान हलवू नका

तुम्ही खोटं बोललात. नोंद केली म्हणालात आणि केली नाहीत. किंवा केलीत आणि दाबून ठेवलीत. यातलं खरं कुठलं ते मला आजही माहीत नाही, म्हणून दोन्ही तुमच्या पदरात घालतो. हवं ते उचला.

तुमच्या कंपनीचा फोन आला तेव्हा मी घरी जेवत होतो. हैदराबादचा नंबर. मी गोदाकडं बघितलं. गोदा म्हणजे माझी बायको, गोदावरी. माझा फोन तीच घेते. लग्नाआधी आई घ्यायची. मी अडखळतो. नुसतं त त प प नाही. शब्द घशापर्यंत येतो आणि आतून कडी लावून बसतो. माझी मान ताठ होते, डोळे मिटतात, आणि समोरचा माणूस घाबरून पाण्याचा ग्लास शोधायला लागतो. फोनवरच्या माणसाला ग्लासही शोधता येत नाही. तो दोनदा हॅलो म्हणतो आणि ठेवून देतो.

गोदानं हात पदराला पुसला आणि फोन घेऊन स्पीकरवर टाकला.

"हां, बोलो. मैं उनकी मिसेस बोलरी."

पलीकडं गोड आवाजाची एक मुलगी होती. म्हणाली, तुमच्या मिस्टरांनी ऑनलाइन परीक्षेत लिहून पाठवलेला प्रोग्रॅम आमच्या लोकांना फार आवडलाय. एक दिवसासाठी हैदराबादला या. तिकीट आम्ही काढू. आणि शेवटी तिनं तो प्रश्न विचारला. मुलाखतीला काही खास सोय लागेल का?

गोदा माझ्याकडं बघत बोलली. "लगती है ना. वो बोलने को अटकते. दिमाग एकदम फस्क्लास है, खाली जबान को टाइम लगता. लिखने को दिये तो सब लिख के देते. और हां, उनके मुँह में अपनी बात डालने का नै. बोल के रखो सबको."

ती मुलगी हसली नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण हसण्यासारखं होतं. ती म्हणाली, "बिलकुल मॅडम. मैंने नोट कर लिया. जो भी इंटरव्ह्यू लेंगे, सबको पता रहेगा."

"नक्की?"

"नक्की मॅडम."

गोदानं फोन ठेवला आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "झालं. सांगितलं. आता मोकळे तुम्ही."

मला नोकरी नव्हती असं नाही. उपाशी मरत नव्हतो. सोलापुरात येमूल शेठ चादरी-टॉवेलच्या कारखान्यांना हिशोबाचं सॉफ्टवेअर विकायचे. त्यातली पहिल्यापासून शेवटपर्यंत एकूण एक ओळ माझी. पण गिऱ्हाईक दारात आलं की शेठ म्हणायचे, "मल्ल्या, आत बस रे." मी मागच्या खोलीत जाऊन बसायचो. बाहेर शेठचा भाचा गिऱ्हाइकाला माझं काम समजावून सांगायचा, आणि चुकीचं सांगायचा. पातळ पार्टिशन. मला सगळं ऐकू यायचं. माणूस वाईट नव्हता शेठ. दिवाळीला घरी मिठाई पाठवायचा. फक्त मला आत बसवायचा.

कॉलेज मी अर्ध्यात सोडलेलं. लेखी परीक्षेत मी वर्गात पहिला यायचो. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "काहीच येत नाही म्हणतोस, निदान आडनाव तरी येतं का?" दाराबाहेर थांबलेली पोरं खिदळली. पुढच्या तोंडीला मी गेलोच नाही. त्यानंतर जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकांवर आणि येमूल शेठच्या कॉम्प्युटरवर.

तुमच्याबद्दल ऐकलं होतं ते वेगळंच. तिथं डिग्री विचारत नाहीत. बापाचं नाव विचारत नाहीत. तिथं फक्त काम बघतात. मी त्यावर विश्वास ठेवला. मला एक अशी जागा हवी होती जिथं कुणी मला आत बसवणार नाही. दुसरं काही मागत नव्हतो मी.

जाण्याआधी गोदानं मला बजावलं ते समजायला माझी खोड सांगावी लागेल.

मी मान हलवतो. शब्द अडकला की समोरच्याला दया येते आणि तो आपल्या पदरचा शब्द मला देऊ करतो. तो चुकीचा असतो. पण नाही म्हणायचं तर पुन्हा बोलावं लागतं, पुन्हा ती कडी, पुन्हा तो ग्लास. त्यापेक्षा मान हलवणं स्वस्त. मला चहा आवडत नाही, कॉफी आवडते. पण क हे अक्षर माझा वैरी. हॉटेलात पोऱ्या येतो, मी सुरुवात करतो, तो म्हणतो "चहा ना?" आणि मी मान हलवतो. जन्मभर चहा पितोय.

माझं नावसुद्धा असंच आलंय. घरचं नाव मल्हारी. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, मी म म म करत राहिलो. मागं पोरांची रांग. गुरुजी लिंगायत. म्हणाले, "मल्लिकार्जुन का रे बाळ?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी वडील नाव बदलायला गेले तर गुरुजी म्हणाले, "दोन्ही महादेवच की ओ. राहू द्या." राहिलं.

गोदाला बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं, "पोरगी पसंत हाय न्हवं?" मी मान हलवली. लग्नाला वर्ष झालं, माझी ही खोड तिच्या नीट ध्यानात आली, आणि एक दिवस ती पोळी लाटता लाटता थांबली.

"म्हणजे त्या दिवशीची मान पण असलीच होती काय ओ?"

मी हसलो. तिनं लाटणं माझ्याकडं रोखलं. "हसण्यावारी नेऊ नका. विचारालेय मी."

मी बोलायला गेलो, दूध उतू गेलं, ती पळाली. विषय तिथंच राहिला. पण तिच्या मनातून गेला नव्हता, हे मला तिच्या बघण्यावरून कळायचं.

तर स्टेशनवर तिनं मला सांगितलं. डब्याच्या खिडकीपाशी उभी राहून, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"एक काम करा. आलं नाही तर आलं नाही म्हणा. घाम फुटला तर फुटू द्या. पण मान हलवू नका. कुणी तोंडात शब्द घातला तर थुकून टाका. ऐकालाव ना?"

मी मान हलवली.

"अरे देवा," गोदा म्हणाली. समोरच्या बाकावरचे आजोबा खो खो हसले.

तुमची इमारत काचेची होती. आतल्या मुलीनं माझ्या शर्टाला नावाची चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, "वेलकम अर्जुन!" मल्लिकार्जुन तिला लांब वाटलं असणार. रात्री सोलापूरहून मल्हारी निघाला होता, सकाळी तुमच्या दारात अर्जुन झाला. मला हसू आलं. दिवस बरा जाईल असं वाटलं.

पहिली मुलाखत घेणारा दाढीवाला पोरगा माझ्याहून लहान होता. तुमच्याकडं सगळं इंग्रजीत चालतं. मी इथं मराठीत सांगतो. त्यानं हात मिळवला, फळा दाखवला, पेन दिलं.

"एकच विनंती. मनात विचार करायचा नाही. मोठ्यानं करायचा. डोक्यात जे येईल ते बोलत राहायचं. आम्हाला उत्तरात रस नाही, तू उत्तरापर्यंत कसा जातोस त्यात आहे."

मी वाट बघत राहिलो. आता तो म्हणेल, पण तुमच्याबद्दल मला कळवलंय, तुम्ही लिहा. तो काही म्हणाला नाही. मी सुरुवात केली. "आय... आय... आ..." मान ताठ झाली.

"अरे, घाबरू नकोस," तो म्हणाला. "पाणी देऊ?"

आला ग्लास.

मी फळ्याकडं वळलो आणि लिहिलं: मी बोलताना अडखळतो. तुमच्या ऑफिसला आधीच सांगितलंय. मला लिहू द्या.

त्यानं वाचलं. त्याचे कान लाल झाले. "ओह. मला कुणीच काही सांगितलेलं नाही. खरंच नाही." त्यानं लॅपटॉपवर काहीतरी उघडून बघितलं, खालीवर केलं. "नाही, इथं काही नाही. बरं. लिही तू."

मी लिहिलं. त्यानं घातलेलं गणित मला अवघड नव्हतं. सगळा फळा भरला. शेवटची ओळ लिहून मी बाजूला झालो. तो खुर्चीतून उठून फळ्यापाशी आला, बोट फिरवत ओळ न् ओळ तपासली, दोनदा तपासली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "पूर्ण बरोबर आहे." मग परत खुर्चीत बसला आणि कपाळ चोळायला लागला. "पण मला इथं भरायचंय की उमेदवार विचार कसा करतो. त्यालाच गुण आहेत. मला ऐकू काहीच आलं नाही. तूच सांग, मी काय लिहू?"

हे त्यानं मला विचारलं. उत्तर बरोबर देऊन उभा राहिलेल्या माणसाला. मी खांदे उडवले. त्यानंही उडवले. त्याच्या हातात काही नव्हतं आणि माझ्या हातात फक्त पेन.

दुपारी मला जेवायला न्यायला दुसरा एक जण आला. गळ्यात ओळखपत्र, पायात चपला. माझी चिकटपट्टी वाचून त्यानं आधी इंग्रजीत विचारलं, कुठून? मी "सो... सोला..." म्हणेपर्यंत तो ओरडला, "सोलापूर! अहो मग मराठीत बोला की! मी नांदेडचा. गजानन बेटमोगरेकर. आडनाव इथं कुणाला बोलता येत नाही. सगळे मला बेटा म्हणतात, बॉससुद्धा."

तो मला घेऊन जेवणाच्या हॉलमध्ये गेला. वाढून घेतलं. मग म्हणाला, "मोकळं जेवा. हे जेवण मुलाखतीत धरत नाहीत. माझं तुमच्याबद्दलचं मत कुणी विचारत नाही, आणि मी दिलेलं चालत पण नाही. चहा आणतो. चहाच ना?"

मी मान हलवली. गोदा, हा चहा होता, हा धरू नको, असं मी मनात म्हणालो.

मराठीत माझं थोडं बरं चालतं. त्याच्याशी मी बोललो. वेळ लागला, पण त्याला घाई नव्हती, तो जेवत होता. फोन आला होता, गोदानं सांगितलं होतं, मुलगी म्हणाली होती नोंद केली. सकाळच्या माणसाला मात्र काहीच माहीत नव्हतं.

बेटमोगरेकरनं घास खाली ठेवला. "कळवलं नसणार. कळवत नाहीत."

"का?"

"तसा नियम आहे. उमेदवाराबद्दल आधी काही कळलं तर मुलाखत घेणाऱ्याचं मत तयार होतं. म्हणून त्याला काही सांगायचं नाही. तो कुठल्या कॉलेजचा, बाई का माणूस, काही नाही. आम्ही आपसात पण बोलायचं नाही. सगळ्यांना सारखं."

"मग म्म... माझ्यासाठी त... तुम्ही सांगा. द... दुपारच्याला. नुसतं एवढं की ल... लिहू द्या."

त्यानं इकडं तिकडं बघितलं. "अहो, तेच तर मला करता येत नाही. मी जेवणवाला. जेवणवाल्यानं मुलाखतवाल्याशी उमेदवाराबद्दल एक शब्द बोलायचा नाही. कळलं तर तुमची मुलाखतच रद्द करतील, पक्षपात झाला म्हणून. माझं सोडा, तुमचं नुकसान." मग त्याला काहीतरी सुचलं, चेहरा उजळला. "तुम्हीच सांगून टाका ना! आत गेल्या गेल्या. सोपं आहे!"

मी कागदी रुमालावर लिहिलं: सांगायला बोलावं लागतं.

तो वाचून मोठ्यानं हसला. मग हसणं थांबलं. त्यानं रुमालाची घडी केली, परत उलगडली आणि खाली बघत म्हणाला, "दहीभात घ्या. इथला दहीभात चांगला असतो."

त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही ते बोचत होतं, मला दिसत होतं.

शेवटची मुलाखत एका मॅडमनी घेतली. चाळिशीच्या असतील, केसात एक पांढरी बट, चेहरा प्रेमळ. दोन खुर्च्या, भिंतीवर काचेचा फळा. मी आत गेलो आणि काही बोलायच्या आधी पेन उचलून लिहिलं: मी अडखळतो, मला लिहू द्या.

"अरे!" त्या म्हणाल्या. "त्यात काय! माझा चुलतभाऊ असाच आहे. मी त्याला कायम मदत करते. तू अजिबात काळजी करू नकोस." आणि त्यांनी माझ्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं. "सकाळपासून लिहून हात दुखला असेल तुझा. ही मुलाखत फळ्याची नाही. ही गप्पांची आहे. बस."

मी बसलो. काय करणार होतो? प्रेमानं काढून घेतलेली वस्तू हिसकावून कशी घ्यायची हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्यांनी प्रश्न सांगितला. अगणित नंबर एकामागून एक येतायत. त्यात पहिल्यांदा पुन्हा आलेला नंबर कुठला, ते लवकरात लवकर सांगायचं. कसं करशील?

मला आतून इतकं बरं वाटलं. हे तर मी रोज करत होतो. येमूल शेठच्या गिऱ्हाइकांच्या गोदामात चादरींचे गठ्ठे यायचे, प्रत्येकावर नंबर, आणि कधीकधी एकच नंबर चुकून दोन गठ्ठ्यांवर. नवा माणूस काय करतो? सगळे गठ्ठे नंबरानं ओळीत लावत बसतो. दिवस जातो. माझ्या प्रोग्रॅममध्ये मी तसं केलंच नव्हतं. प्रत्येक नंबराला त्याचा एक खण. गठ्ठा आला की त्याच्या खणात. खणात आधीच कुणी बसलं असेल तर सापडला चोर. ओळीत लावायची गरजच नाही.

ओळीत लावण्याला तुमच्या भाषेत सॉर्टिंग म्हणतात. मला म्हणायचं होतं, सॉर्टिंग नको.

"सॉ..." मी म्हणालो. "सॉ... सॉर्... सॉर्टिंग..."

तिथं कडी लागली. इंग्रजीत पुढचे दोन छोटे शब्द होते, नॉट नीडेड. न अडकला. मान ताठ झाली, डोळे मिटले.

"सॉर्टिंग!" मॅडम पुढं वाकल्या. "आधी सगळे ओळीत लावायचे. असंच ना? असंच म्हणायचंय ना तुला?"

मी डोळे उघडले. त्यांचा चेहरा अगदी जवळ होता आणि त्यात एवढी माया होती की माझी आई आठवली. त्यांना मनापासून मला सोडवायचं होतं.

मी मान हलवली.

मी हलवली म्हणणं बरोबर नाही. ती हलली. तीस वर्षं जशी हलत आली तशी.

आणि मी बघितलं, मॅडमच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. थोडंसंच. त्यांना दुसरं उत्तर हवं होतं. त्यांना माझ्या मनातलंच उत्तर हवं होतं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "तोही एक मार्ग आहे." आणि लॅपटॉपवर टाइप करायला लागल्या.

मी उठलो. टेबलावरचं पेन घेतलं आणि काचेवर लिहायला लागलो. नाही. ओळीत लावायचं नाही. खाली खण काढले, खणात नंबर, बाण, कधी नव्हे ते माझं अक्षर वाकडं आलं. पाठीमागं टाइप करण्याचा आवाज चालू होता. मी पेन काचेवर आपटलं. त्यांनी वर न बघता म्हटलं, "हो, हो, तुझं चालू दे."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर दुसरी माणसं उभी होती, पुढच्या तासाला खोली त्यांची होती. मॅडमनी घाईनं लॅपटॉप मिटला, उठल्या, आणि खोली सोडताना तुमच्याकडं सगळे करतात ते त्यांनी केलं. पुढच्यांसाठी फळा पुसला. एका हातात लॅपटॉप, तोंड दाराकडं, बाहेरच्यांना "सॉरी, सॉरी, निघालोच" म्हणत दुसऱ्या हातानं त्यांनी माझे खण पुसले.

त्यांनी वाचलं होतं का? मला माहीत नाही.

"मॅ... मॅ..." मी त्यांच्या मागं दारापर्यंत गेलो. "थ... थ..." थांबा म्हणायचं होतं. घाबरलो की मला मराठीच येते.

"थँक्यू?" त्या वळल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थँक्यू कशाला रे. तू छान केलंस."

गेल्या. बोळाच्या टोकाला त्यांची पांढरी बट दिसेनाशी झाली. त्या खोलीत पुढची माणसं शिरली आणि त्यांनी स्वच्छ काचेवर त्यांचं काहीतरी लिहायला सुरुवात केली.

मला दारापर्यंत सोडायला बेटमोगरेकर आला. उमेदवाराला एकट्याला फिरू देत नाहीत तुमच्याकडं. लिफ्टमध्ये त्यानं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं.

"काय झालं? लिहू दिलं ना?"

मी बोलायला गेलो. सगळं एकदम बाहेर यायला बघत होतं, पेन काढून घेतलं, सॉर्टिंग, चुलतभाऊ, खण. एकही शब्द सुटेना. लिफ्ट खाली चालली होती. घाम माझ्या हनुवटीवरून गळत होता. त्याला ते बघवलं नाही. त्याचे डोळे भरल्यासारखे झाले.

"इंटरव्ह्यू छान झाला ना?" तो म्हणाला. "झाला असणार. छानच झाला असणार. हो ना?"

लिफ्टचं दार उघडलं आणि मी मान हलवली.

"मग!" तो म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं!" त्यानं माझ्या शर्टावरची अर्जुनची चिकटपट्टी काढून घेतली, ती परत द्यावी लागते, आणि मी बाहेर उन्हात उभा राहिलो.

तुमचं उत्तर आठवड्यात आलं. इंग्रजीत. गोदा इंग्रजी हळूहळू वाचते, पण वाचते. गॅसपुढं उभी राहून तिनं माझ्या फोनवर ते वाचलं. आपल्या वेळेबद्दल आभार. या वेळी पुढं जाता येत नाही. निर्णय समितीनं घेतला आहे. कारणं कळवण्याची आमची पद्धत नाही. वर्षभरानंतर पुन्हा अर्ज करावा.

"समिती म्हणजे?" तिनं विचारलं. "त्या दाढीवाल्याची का त्या बाईची?"

मी सांगितलं. बेटमोगरेकरनं दहीभात खाताना मला सांगितलं होतं. समितीत मुलाखत घेणारे नसतात. समितीतली माणसं उमेदवाराला बघत नाहीत, त्याचा आवाज ऐकत नाहीत. मुलाखत घेणाऱ्यांनी टाइप केलेलं वाचतात आणि ठरवतात. पक्षपात नको म्हणून.

"म्हणजे तुम्ही अटकता हे त्यांना ठाऊकच नाही?"

नाही.

"तुम्ही बरोबर लिहिलेलं?"

पुसलं.

"मी फोनवर सांगितलेलं?"

तिनं गॅस बारीक केला. फोन कट्ट्यावर उपडा ठेवला. मग माझ्याकडं तोंड करून उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मान हलवली का तुम्ही?"

मी मान हलवली.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली, आणि मला कळलं की ती आता हैदराबादचा विचार करत नाहीये.

"मग माझ्या वेळची?" ती म्हणाली. "ती तरी खरी होती का?"

या प्रश्नाला मला मान हलवता येत नव्हती. तेवढा एक रस्ता होता आयुष्यभर, तो बंद झाला होता. मी तोंड उघडलं.

"ख..."

कडी लागली. डोळे मिटले. "ख... ख... ख..." गळ्याच्या शिरा तटतटल्या. कुकरची शिट्टी झाली. शेजारच्या घरात कुणीतरी टीव्ही लावला. डाळ खाली लागल्याचा वास यायला लागला तरी ती जागची हलली नाही. तिनं ग्लास शोधला नाही. तिनं शब्द दिला नाही. तिला तो शब्द ठाऊक होता, जिभेवर होता, जगात तिला त्याच एका शब्दाची गरज होती, आणि तरी तिनं तो मला दिला नाही. पदराचं टोक मुठीत आवळून ती नुसती उभी राहिली.

"...खरी," मी म्हणालो.

गोदा वळली, जळकी डाळ उतरवली आणि खिडकीकडं तोंड करून डोळे पुसले.

मी अजून येमूल शेठकडंच आहे. शेठ गेले, आता भाचा शेठ आहे. गिऱ्हाईक आलं की मी उठून आत जातो. आता सांगावंही लागत नाही. तुमच्याकडं पुन्हा अर्ज केला नाही.

हे मी लिहिलंय. लिहिताना मला कडी लागत नाही आणि माझं वाक्य तुम्हाला पूर्ण करता येत नाही, म्हणून आता शेवटपर्यंत ऐका. तुम्ही स्वतः होऊन विचारलंत, काही सोय लागेल का. आम्ही मागायला आलो नव्हतो. माझ्या बायकोनं तिला येत होती तेवढ्या हिंदीत तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही तिला नक्की मॅडम म्हणालात. ती नोंद कुठं आहे? कुणी वाचली? वाचायचीच नव्हती तर विचारलंत कशाला?

मला आभार नकोत, वेळेबद्दलचे तर नकोतच. मला उत्तर द्या. लागेल तेवढा वेळ घ्या. मी मध्ये बोलणार नाही.